एकाच सर्व्हरवर साठ जण: एकमेकांच्या प्रोसेस झाकाव्यात का?

कोयनाकाठ
मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण आधी काय घडलं ते सांगते, म्हणजे तो का पडला ते कळेल.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि विभागाचा लिनक्स सर्व्हरही मीच सांभाळते. ३२ कोअर, १२८ जीबी मेमरी, साठच्या वर खाती. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, दोघं पीएचडी करणारे आहेत, शिवाय रात्रीचा बॅकअप. मागच्या महिन्यात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा प्रॅक्टिकल संपल्यावर मागे थांबला. म्हणाला, “मॅडम, मला दुसऱ्या ग्रुपचा डेटाबेसचा पासवर्ड दिसला. मी शोधायला गेलो नव्हतो.” त्याची प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, रखडत होती, म्हणून मशीन कोण खातंय ते बघायला त्याने ‘पीएस ऑक्स’ (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारलं. शेजारच्या ग्रुपची पायथन स्क्रिप्ट चालू होती आणि त्या ओळीत ‘पासवर्ड’ या पर्यायापुढे अख्खा पासवर्ड लिहिलेला.

तो आपणहून येऊन बोलला याचं मला फार मोल वाटलं. त्याच रात्री मी एका साध्या विद्यार्थ्याच्या खात्यातून तासभर प्रोसेसची यादी बघत बसले. आणखी एक पासवर्ड सापडला. आमच्या पीएचडीच्या एका विद्यार्थ्याचा ज्या कंपनीशी गोपनीयतेचा करार आहे, तिचं नाव त्याच्या फोल्डरच्या नावात होतं, आणि ते फोल्डर कमांडमध्ये. फोल्डरची परवानगी त्याने व्यवस्थित बंद केलेली. नाव मात्र साठ जणांना दिसत होतं.

ज्यांचा या भागाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: लिनक्समध्ये ‘/प्रोक’ नावाचं एक झाड असतं. ते डिस्कवर नसतं. वाचायला गेलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या क्षणी मजकूर तयार करून देतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाचं तिथे एक फोल्डर असतं. पीएस, टॉप, पीग्रेप हे सगळे तिथूनच वाचतात. त्या फोल्डरातली ‘एन्व्हायरॉन’ ही फाइल (प्रोसेसला मिळालेली एन्व्हायर्नमेंटची मूल्यं) मालक आणि रूट (अ‍ॅडमिनचं खातं) यांच्याशिवाय कुणाला उघडत नाही. पण ‘सीएमडीलाइन’, म्हणजे प्रोसेस सुरू करताना लिहिलेली पूर्ण ओळ, कुणालाही वाचता येते. हा काही बिघाड नाही, ते तसंच ठरवलेलं आहे.

यावर कर्नलमध्येच एक उपाय आहे, /प्रोक माउंट करताना, म्हणजे सिस्टमला जोडताना, द्यायचा ‘हाइडपिड’ हा पर्याय. ० म्हणजे सगळं उघडं. १ म्हणजे दुसऱ्याच्या प्रोसेसच्या फोल्डरात शिरता येत नाही. २ म्हणजे ते फोल्डर यादीतही दिसत नाही. सोबत ‘जीआयडी’ देऊन एका गटाला सूट देता येते. शुक्रवारी संध्याकाळी मी रीमाउंट करून २ लावलं. रीबूटसुद्धा लागलं नाही. विद्यार्थ्याच्या खात्यातून पीएस ऑक्स मारलं, तर साडेचारशे ओळींच्या जागी चार ओळी आल्या. समाधानाने घरी गेले.

शनिवारी सकाळपासून फोन. देखरेखीचा एजंट स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतो. त्याला ना वेब सर्व्हर दिसेना ना डेटाबेस, त्यामुळे सगळं बंद पडल्याचे मेल सुटले होते. काही मुलं आपलं ज्युपिटर (ब्राउझरमध्ये कोड लिहायची वही) ‘सिस्टमसीटीएल यूजर’ने सेवा म्हणून चालवतात; नव्याने लॉगिन केलेल्यांची ती सेवा चालूच होईना, बसशी (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या वाहिनीशी) जोडता येत नाही असा संदेश. आणि सगळ्यात वाईट ते रविवारी लक्षात आलं. रात्री रूटखाली डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) निघतो. दुसऱ्या युजरखालची एक स्क्रिप्ट पीग्रेपने तो संपला का ते पाहते आणि मग फाइल दुसऱ्या मशीनवर नेते. आता तिला डंपची प्रोसेस दिसेचना, म्हणून तिने तो संपला असं धरलं आणि अर्धवट फाइल उचलून नेली. दोन रात्रीचे बॅकअप निरुपयोगी. ही स्क्रिप्ट मीच लिहिलेली आहे, चाचणी न करता शुक्रवारी संध्याकाळी बदल केला तोही मीच.

सध्या परत ० वर आणून ठेवलं आहे. पण तो पासवर्ड डोळ्यांसमोरून जात नाही. सिस्टमडी (मशीन सुरू करणारी आणि सेवा सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या मशीनवर कुणी हाइडपिड २ बरेच दिवस चालवलं आहे का? काय काय सांभाळावं लागतं? आणि मुळात हे करावं का?

---

घाटमाथा
मंगळवार, रात्री १०:०५

ताई, सविस्तर लिहिलंत हे बरं केलंत. तुमच्या तिन्ही अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती नीट समजली की बाकीचं सोपं होतं.

रूट म्हणजे सर्वशक्तिमान हे आपलं जुनं गणित. आताच्या मशीनवर ते खरं नाही. लॉगिनडी, म्हणजे लॉगिनची नोंद ठेवणारी सिस्टमडीची सेवा, रूट म्हणूनच चालतो, पण सिस्टमडीच्या युनिटमध्ये (सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्याला क्षमता मोजून दिलेल्या असतात आणि त्यांत ‘कॅप सिस पीट्रेस’, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची क्षमता, नसते. हाइडपिड दर वेळी इतकंच विचारतो: समोरच्याला ही प्रोसेस पीट्रेसच्या नियमांनी वाचायचा अधिकार आहे का, किंवा तो सूट दिलेल्या गटात आहे का? लॉगिनडी दोन्हीत बसत नाही. त्याला तुमच्या विद्यार्थ्याची एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याची) प्रोसेस वाचता येत नाही, म्हणून सेशनची नोंद होत नाही, आणि सेशन नाही म्हणून युजरची बस नाही. ज्युपिटर तिथे अडकलं. ‘लॉगिनसीटीएल’ मारून पाहिलं असतंत तर नवीन सेशन दिसलीच नसती.

इलाज असा. एक वेगळा गट काढा, समजा ‘प्रोकपाहा’. एफएसटॅबमध्ये (काय कसं माउंट करायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये) प्रोकच्या ओळीत हाइडपिड २ आणि जीआयडीपुढे त्या गटाचा क्रमांक. नाव नको, क्रमांकच द्या, कर्नलला नावं कळत नाहीत. मग लॉगिनडीच्या युनिटला छोटी ड्रॉप-इन फाइल जोडून सर्व्हिस विभागात ‘सप्लिमेंटरी ग्रुप्स’ म्हणून हा गट द्या. पॉलकिटचा, म्हणजे कोणाला कशाची परवानगी ते ठरवणारा, डीमन (मागे चालणारी सेवा) तर साध्या युजरखालीच चालतो आणि परवानगी मागणाऱ्या प्रोसेसची सुरू होण्याची वेळ तो प्रोकमधूनच पडताळतो. त्यालाही हा गट लागेल, नाहीतर पीकेएक्झेक (परवानगी घेऊन रूट म्हणून कमांड चालवणं) बंद. देखरेखीच्या एजंटचा युजर त्याच गटात घाला आणि एजंट रीस्टार्ट करा. चालू प्रोसेसला नवीन गट आपोआप मिळत नाही, इथे पुष्कळ जण चुकतात.

एफएसटॅबची ओळ विसरू नका. सिस्टमडी बूट होताना /प्रोक स्वतःच माउंट करतो, एफएसटॅब बघायच्याही आधी. नंतर त्याची रीमाउंट करणारी सेवा एफएसटॅबमधले पर्याय लावते. नुसतं हाताने रीमाउंट केलं असेल तर पुढच्या रीबूटला सगळं पुन्हा उघडं, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

बॅकअपचं मात्र वेगळं आहे. त्या युजरला गटात घालून सुटेल, पण तसं करू नका. दुसऱ्याची प्रोसेस दिसते की नाही यावर काम संपल्याचा अंदाज बांधणं हेच कच्चं आहे. डंप तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाला की नाव बदला. एकाच फाइलसिस्टमवर नाव बदलणं एका फटक्यात होतं, अर्धवट अवस्था मधे येत नाही. उचलणाऱ्या स्क्रिप्टने फक्त अंतिम नावाकडे पाहायचं.

---

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ११:३०

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो.

मी सहा वर्षं एका संशोधन संस्थेच्या सामायिक मशीनवर काम केलं. तिथे कुणी पहारेकरी नव्हता. टॉप उघडलं की कळायचं, अमुक जणाच्या प्रोसेसने ९० जीबी मेमरी धरली आहे. आपण उठून त्याच्या टेबलाशी जायचं, “अरे, तुझं ते लूप बघ जरा.” मला स्वतःला असं तीनदा सांगितलं गेलं आणि दर वेळी माझाच फायदा झाला. मी तर दुसऱ्यांच्या कमांड बघून बघूनच शिकलो. कुणी ‘नाइस’ लावून प्रोसेस मागे ठेवायचं, कुणी ‘टास्कसेट’ने कोअर ठरवून द्यायचं, हे मला कुठल्याही वर्गात सांगितलं गेलं नव्हतं.

हे झाकलं की मशीन हळू का झालं ते फक्त अ‍ॅडमिनला माहीत. मुलं तुम्हाला मेल टाकत बसतील आणि तुम्ही रात्री अकराला उत्तरं देत बसाल. कॉलेजच्या सर्व्हरवर एकमेकांचं काम दिसणं यात शिकण्याची जागा आहे. पासवर्ड उघडा लिहिला ही त्या ग्रुपची चूक. ती त्यांना समजावून सांगायला हवी. साठ जणांच्या डोळ्यांवर पट्टी का?

---

कोयनाकाठ
बुधवार, सकाळी ७:१५

घाटमाथा, मनापासून आभार. लॉगिनडी रूट असून त्याला दिसत नाही, हे मला कधीच सुचलं नसतं. बॅकअपची स्क्रिप्ट आजच बदलते.

रात्रपाळी, तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. माझ्याही मुलांपैकी निम्मी टॉप बघून शिकली आहेत. पण एक फरक दिसतो. तुमच्या संस्थेत दहा-पंधरा जण एका मजल्यावर बसत असतील. माझ्याकडे साठ खाती, त्यातली निम्मी हॉस्टेलवरून येणारी. एकमेकांना न ओळखणारी मुलं आहेत. आणि त्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने तर काहीच चूक केली नव्हती. फोल्डरला नाव दिलं, इतकंच.

---

वहीखातं
बुधवार, सकाळी १०:४०

दोन्ही बाजू पटतात, पण ज्या गोष्टीने हे सुरू झालं तिच्याबद्दल बोलू या. कमांडच्या ओळीत पासवर्ड.

मी वेब डेव्हलपर आहे आणि ही सवय मी भल्याभल्यांची पाहिली आहे. ‘मायएसक्यूएल’चा क्लायंट सुरू झाल्यावर ओळीतला पासवर्ड स्वतःच फुल्या मारून खोडतो. त्यामुळे लोकांना वाटतं की झाकलं जातं. पण प्रोसेस सुरू होणं आणि तो खोडणं यांच्यामध्ये एक क्षण असतोच. ‘पीस्पाय’ नावाचं साधन आहे, ते रूटशिवाय चालतं आणि /प्रोक सतत चाळत राहून क्षणभर जगणाऱ्या प्रोसेसही पकडतं. सुरक्षा तपासणारी मंडळी ते नेहमी वापरतात. क्रॉनमध्ये दर मिनिटाला चालणाऱ्या कमांड त्यात फार सुंदर दिसतात. आणि मुलांनी स्वतः लिहिलेल्या पायथन स्क्रिप्टमध्ये तर असं खोडणारं कुणी नाही. ती स्क्रिप्ट आठ तास चालली तर आठ तास पासवर्ड उघडा.

मुलांना पहिल्याच प्रॅक्टिकलला दाखवावं असं मला वाटतं. मायएसक्यूएलसाठी होम फोल्डरात ‘डॉट माय डॉट सीएनएफ’, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. पोस्टग्रेससाठी ‘डॉट पीजीपास’; त्याची परवानगी ६०० पेक्षा सैल असेल तर क्लायंट ती फाइल वाचतच नाही, ही त्यांची शिस्त मला आवडते. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये ‘गेटपास’ने विचारा किंवा फाइलमधून वाचा. एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवणं कमांडपेक्षा बरं, कारण ती फाइल इतरांना उघडत नाही, पण त्या प्रोसेसने सुरू केलेल्या प्रत्येक पोटप्रोसेसला ते वारशात मिळतं हे लक्षात ठेवा. सेवा म्हणून चालणाऱ्या गोष्टींना पासवर्ड फाइलमधून देण्यासाठी सिस्टमडीत आवृत्ती २४७ पासून ‘लोडक्रेडेन्शियल’ आहे.

हे सगळं केलं तरी हाइडपिड लावावंच या मताची मी आहे. साठातले अठ्ठावन्न शिकतील. दोघांचं परीक्षेच्या आदल्या रात्री राहून जाईल.

अवांतर: ताई, मुलांच्या ग्रुपना एकेक सामायिक खातं दिलंय का? तसं असेल तर त्या ग्रुपमध्ये हाइडपिडचा काहीच उपयोग नाही. एकाच युजरच्या प्रोसेस एकमेकांना दिसणारच.

---

बिटवाचक
बुधवार, दुपारी २:२०

चर्चा कमांडच्या ओळीवर थांबली आहे, म्हणून एक भर घालतो. पासवर्ड ओळीत नसला तरी /प्रोकमधले साधे आकडे पुष्कळ बोलतात.

२००९ मध्ये केहुआन झांग आणि शिआओफेंग वांग यांनी दाखवलं की दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची ‘स्टॅट’ फाइल वेगाने पुन्हा पुन्हा वाचली, की तो कळा कोणत्या क्षणी दाबतो ते कळतं, आणि दोन कळांमधल्या अंतरावरून तो काय टाइप करतोय याचा अंदाज बांधता येतो. स्टॅटमधले स्टॅक पॉइंटरसारखे आकडे त्याला पुरले. ते आकडे कर्नलने पुढे झाकले. पण २०१२ मध्ये सुमन जाना आणि विटाली श्मातिकोव्ह यांनी फक्त मेमरीच्या आकाराचा चढउतार पाहून शेजारचा माणूस ब्राउझरमध्ये कोणतं पान उघडतो ते ओळखून दाखवलं. ‘स्टॅटएम’ फाइलमध्ये तो आकडा उघडा असतो. दिसायला किती निरुपद्रवी!

त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या कर्नल ३.३ मध्ये हाइडपिड आलं. ओपनवॉल प्रकल्पाच्या व्हॅसिली कुलिकोव्ह यांचं काम. म्हणून मला ‘पासवर्ड लिहू नका’ एवढं पुरेसं वाटत नाही. मेमरी किती वापरायची हे युजरच्या हातात नसतं.

आता हाइडपिड काय झाकत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर खोटा दिलासा मिळेल. एखादा क्रमांक जिवंत आहे का, हे ‘किल’ला सिग्नल शून्य देऊन कळतंच: परवानगी नाही असं उत्तर आलं तर प्रोसेस आहे, अशी प्रोसेसच नाही असं आलं तर नाही. ‘हू’ मारलं की कोण कधीपासून लॉगिन आहे ते दिसतं. नेटवर्कच्या जोडण्या तर जशाच्या तशा दिसतात. टीसीपीच्या यादीत प्रत्येक जोडणीपुढे युजरचा क्रमांकही असतो. टेंपमध्ये टाकलेल्या फाइलींची नावं दिसतात. आणि एक वाट फार जणांना माहीत नाही. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ विचारलं की उत्तर पहिली प्रोसेस, म्हणजे सिस्टमडी स्वतः, देते. ती रूट आहे, तिला सगळं दिसतं. माझ्या मशीनवर अशा उत्तरातून दुसऱ्या सेवांच्या कमांड दिसल्या होत्या. ताई, तुमच्या मशीनवर साध्या खात्यातून हे नक्की तपासून बघा.

---

निंबोणी
बुधवार, संध्याकाळी ६:०५

मी दुसऱ्या वर्षाला आहे, धागा दोनदा वाचला. वाखूसा (वाचनखूण साठवली). एक प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर मी एकटीच आहे. तिथे हे लावायचा काही उपयोग आहे का?

---

घाटमाथा
बुधवार, रात्री ८:५०

निंबोणी, प्रश्न छान आहे. लॅपटॉपवर माणूस एक असला तरी युजर एक नसतो. युजरांची यादी असलेली ‘पासडब्ल्यूडी’ फाइल उघडून बघ, वीस-तीस नावं असतील. वेब सर्व्हरचा वेगळा, प्रिंटिंगचा वेगळा, डेटाबेसचा वेगळा. उद्या तुझ्या प्रोजेक्टच्या वेब अ‍ॅपमध्ये भोक सापडलं आणि कुणी त्यातून आत आलं, तर तो त्या वेब सर्व्हरच्या युजरच्या अंगाने बसलेला असेल. तो सगळ्यात आधी प्रोसेसची यादी बघतो. मशीनवर काय चालतं, कुठली आवृत्ती, बॅकअप कुठे जातो. तुझ्या खिशातल्या फोनमध्ये हेच तत्त्व आहे: अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा युजर क्रमांक असतो आणि आवृत्ती ७ पासून तिथे /प्रोक हाइडपिड २ नेच माउंट होतं. त्याआधी एखादं अ‍ॅप गुपचूप बसून, आता समोर बँकेचं अ‍ॅप उघडलं का ते /प्रोकमधून पाहू शकायचं.

पण तुझ्या लॅपटॉपवर सगळ्या मशीनला हाइडपिड लावू नकोस. डेस्कटॉप पॉलकिट आणि लॉगिनडीवर उभा असतो, एक धागा ओढला की दुसरीकडे उसवतं. सिस्टमडीची मंडळीही संपूर्ण मशीनला ते लावण्याच्या बाजूची नाहीत. त्यापेक्षा सेवेपुरतं लाव. २०२० मध्ये कर्नल ५.८ आला. त्याआधी एका पीआयडी नेमस्पेसमध्ये (एकाच क्रमांकयादीतल्या प्रोसेसच्या कप्प्यात) /प्रोक कितीही ठिकाणी माउंट केलं तरी पर्याय सगळ्यांना एकच लागू व्हायचे. ५.८ पासून प्रत्येक माउंटचे पर्याय वेगळे ठेवता येतात. आकड्यांच्या जागी ‘नोअ‍ॅक्सेस’, ‘इन्व्हिजिबल’ ही नावंही तेव्हाच आली. त्याच्या आधाराने सिस्टमडी २४७ ने ‘प्रोटेक्टप्रोक’ दिलं. वेब अ‍ॅपच्या युनिटमध्ये प्रोटेक्टप्रोक इन्व्हिजिबल लिहिलं की त्या सेवेला इतरांच्या प्रोसेस दिसत नाहीत, आणि बाकी मशीनला काही कळतही नाही. सेवा रूटखाली चालत असेल तर मात्र उपयोग नाही. आधी तिला साधा युजर दे.

ताईंच्या सर्व्हरवर माणसं एसएसएचने आत येतात, सेवा म्हणून नव्हे. तिथे प्रोटेक्टप्रोकने भागणार नाही.

---

राइनकाठ
बुधवार, रात्री ११:५५

जर्मनीत एका लहान विद्यापीठ विभागासाठी फ्रीबीएसडीची मशीन सांभाळतो. आमच्याकडे हे एका सिसकंट्रोलने (कर्नलच्या सेटिंगने) होतं, ‘सी अदर यूआयडीज’ शून्य केलं की झालं. इन्स्टॉल करतानाच मजबुतीकरणाच्या पडद्यावर हा पर्याय टिक करायला मिळतो. इथे विद्यार्थ्यांपैकी कुणी आजवर तक्रार केलेली नाही, कारण त्यांनी पहिल्या दिवसापासून तसंच पाहिलं आहे. ताई, जमलं तर नवीन वर्षाची बॅच येताना लावा. चालू सत्रात लावलं की काहीतरी हिरावलं असं वाटतं.

ज्यांच्याकडे क्लस्टर (जोडलेल्या अनेक मशीन) आहे त्यांनी स्लर्मकडेही, म्हणजे त्यावर जॉब वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमकडेही, बघावं. नोडवर हाइडपिड लावून ‘एसक्यू’ मारलं की सगळ्यांच्या जॉबची नावं समोर. तिथे ‘प्रायव्हेटडेटा’ हा वेगळा पर्याय लावावा लागतो.

---

कोयनाकाठ
गुरुवार, सकाळी ६:५०

बिटवाचक, तपासलं. साध्या खात्यातून सिस्टमसीटीएल स्टेटसने सेवांच्या कमांड दिसल्या. त्यांत गुप्त काही नाही ना, ते एकेक युनिट उघडून पाहिलं. एका युनिटमध्ये टोकन होतं. ते फाइलमध्ये हलवलं आणि नवीन घेतलं.

वहीखातं, सामायिक खाती होती. नऊ ग्रुपना नऊ. आता प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि ग्रुपसाठी सामायिक फोल्डर, असं बदलते आहे. हे आधीच करायला हवं होतं.

रात्रपाळी, तुमच्या मुद्द्यावर एक सापडलं आणि मला फार आनंद झाला. हाइडपिड २ लावून ‘सिस्टमडी-सीजीटॉप’ चालवलं. कोणता युजर किती सीपीयू आणि किती मेमरी खातोय ते सीग्रुपच्या (कर्नल ठेवतो त्या प्रोसेसच्या गटांच्या) आकड्यांवरून प्रत्येकाला दिसतं, युजरच्या क्रमांकासकट. कमांड मात्र दिसत नाही. म्हणजे मशीन कोण खातंय हे विचारायची वाट उघडी राहते.

---

रात्रपाळी
गुरुवार, सकाळी ९:२५

हे मला माहीत नव्हतं. मान्य, मला हवं होतं त्यातलं निम्मं यात मिळतं. कोण आणि किती एवढं दिसलं की टेबलाशी जाऊन बोलता येतं. राहिलं शिकण्याचं. त्यासाठी मुलांना महिन्यातून एकदा तुमची स्वतःची टर्मिनल दाखवा, रूटची, प्रोजेक्टरवर. कोणाची कमांड चांगली होती ते विचारून दाखवा.

आणि प्रत्येक युजरच्या स्लाइसला (त्याच्या सगळ्या प्रोसेसच्या गटाला) मेमरीची मर्यादा घाला. ‘यूजर-डॅश’ स्लाइसला एकच ड्रॉप-इन, सगळ्यांना लागू. ९० जीबी धरणारा माणूस बोलण्याआधीच थांबेल.

---

बिटवाचक
गुरुवार, सकाळी १०:१०

सीजीटॉपच्या कल्पनेला +१. फक्त माहीत असू द्या, तिथेही युजरच्या एकूण मेमरीचा चढउतार दिसतोच, म्हणजे मी वर सांगितलेली वाट पूर्ण बंद होत नाही. एका प्रोसेसऐवजी युजरची बेरीज दिसते, त्यामुळे धूसर होते. कॉलेजच्या सर्व्हरला मी हे स्वीकारेन. रुग्णांची माहिती असलेल्या मशीनला नाही स्वीकारणार.

---

कोयनाकाठ
दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३०

ज्यांनी वेळ दिला त्यांना काय झालं ते सांगायला हवं.

या वेळी एका जुन्या मशीनवर आधी सगळं करून पाहिलं. गट काढला. लॉगिनडी आणि पॉलकिट दोघांना ड्रॉप-इनने तो दिला, देखरेखीचा युजर त्यात घातला, एजंट रीस्टार्ट केला. डंप आता तात्पुरत्या नावाने लिहिला जातो आणि शेवटी नाव बदलतं; मुद्दाम मधेच तोडून पाहिला, उचलणाऱ्या स्क्रिप्टने हात लावला नाही. ‘प्रोकपाहा’ गटात माणसं किती असावीत यावर बराच विचार केला. मी आणि आमचे लॅब असिस्टंट, दोघंच. एका सहकाऱ्यांनी स्वतःसाठी मागितलं. त्यांना कशासाठी लागतं ते विचारलं, तर त्यांच्या विद्यार्थ्यांचं काम चालू आहे का एवढंच बघायचं होतं. ते सीजीटॉपमध्ये दिसतं, म्हणून गटात घातलं नाही.

राइनकाठ यांचा सल्ला पाळला नाही, सत्र संपायची वाट पाहावीशी वाटली नाही. पण लावण्याआधी दोन्ही वर्गांना अर्धा तास घेतला. एका खात्यातून खोटा पासवर्ड लिहून स्क्रिप्ट चालवली आणि दुसऱ्या खात्यातून तो प्रोजेक्टरवर दाखवला. वर्ग एकदम शांत झाला. नंतर अकरा मुलं एकेकटी येऊन पासवर्ड कसा बदलायचा ते विचारून गेली.

ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्या मुलाचं नाव मी वर्गात घेतलं नाही. त्याला विचारलं होतं, तो नको म्हणाला.

बुधवारी कर्नलच्या अपडेटसाठी रीबूट आहे. एफएसटॅबची ओळ टिकते का ते बघून इथेच लिहिते.

---

घाटमाथा
रविवार, रात्री ९:००

रीबूटनंतर साध्या खात्यातूनच बघा. रूटला सगळं नेहमीसारखंच दिसतं, त्यामुळे लागू झालं की नाही ते रूटमधून कळत नाही.

---

कोयनाकाठ
बुधवार, सकाळी ६:२०

पहाटे पाचला रीबूट केलं. विद्यार्थ्याच्या खात्यातून पीएस ऑक्स मारलं: चार ओळी. नव्या लॉगिनमधून ज्युपिटर चालू झालं. देखरेखीचा एकही मेल नाही. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडून पाहिला, पूर्ण आहे.